दुधाची दाढ पडत नाही? आधी एक्स-रे काढा

मूल १३ वर्षांचे झाले तरी दुधाची दाढ पडत नसेल, तर ती घाईने उपटू नका. काही मुलांत तिच्या खालचा पक्का दात जन्मतःच तयार होत नाही. वरच्या पुढच्या दोन मोठ्या दातांशेजारचा दातही असाच नसू शकतो. कारण बहुधा आनुवंशिक असते. ग्रहणाचा किंवा आईचा त्यात दोष नाही. म्हणून भावंडांचेही दात दाखवा.

पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत हे कळते. खालचा दात नसला, तरी मजबूत दुधाची दाढ अनेक वर्षे काम देते. तार लावण्याआधी डॉक्टरांना विचारा : जागा बंद करणार की राखणार? हाडात बसवायचा कृत्रिम दात वाढ पूर्ण झाल्यावरच बसवतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयांत खासगीपेक्षा कमी खर्चात तपासणी होते.