फ्यूजन रिअ‍ॅक्टरमधले आरसे खराब का होतात?

फोनच्या कॅमेऱ्यावर बोटाचा तेलकट डाग पडला की फोटो धूसर येतो. आपण शर्टाच्या टोकाने लेन्स पुसतो, विषय संपला. पण ती लेन्स अशा जागी असेल जिथे माणूस जाऊच शकत नाही, तर? दक्षिण फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या फ्यूजन रिअ‍ॅक्टरच्या इंजिनिअर्सपुढे हाच प्रश्न आहे. या प्रकल्पात भारतही भागीदार आहे.

इटरमध्ये प्लाझ्मा सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचा आहे. त्यात थर्मामीटर बुडवणं शक्य नाही. म्हणून आतून येणारा प्रकाश बाहेर आणून त्यावरून मोजमाप करतात.

मग आत थेट कॅमेराच का नाही लावत? कारण फ्यूजनमधून सुटणारे न्यूट्रॉन. त्यांच्या माऱ्याने साधी काच काळवंडते आणि इलेक्ट्रॉनिक्स बिघडतं. त्यामुळे प्लाझ्माच्या सगळ्यात जवळ धातूचे आरसे ठेवतात. ते प्रकाशाला वळणावळणाच्या वाटेने बाहेर पाठवतात. न्यूट्रॉनना तसं वळता येत नाही, बहुतेक वाटेतच अडतात.

या पहिल्या आरशाला दोन बाजूंनी त्रास होतो.

झीज: प्लाझ्मातून सुटलेले वेगवान अणू आरशावर आदळून त्याचे अणू उडवतात. साधा धातू असंख्य छोट्या स्फटिकांचा बनलेला असतो. प्रत्येक स्फटिक वेगळ्या गतीने झिजतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. म्हणून एकाच स्फटिकाच्या मोलिब्डेनमचे आरसे तपासले गेले. ते झिजले तरी बऱ्यापैकी गुळगुळीत राहतात.

थर: रिअ‍ॅक्टरच्या भिंतीवरून उडालेले अणू आरशावर येऊन बसतात. काही दहा नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाइतका थरसुद्धा परावर्तन बदलायला पुरतो. ब्रिटनमधल्या ‘जेट’ रिअ‍ॅक्टरमध्ये आरशांचे नमुने ठेवून हे प्रत्यक्ष तपासलं गेलं.

आता खरी भीती. समजा, भिंत किती तापली हे तिच्या इन्फ्रारेड चमकेवरून मोजतोय. आरसा मळला तर चमक कमी दिसणार आणि सिस्टिम म्हणणार, ‘भिंत थंड आहे.’ प्रत्यक्षात ती वितळायच्या बेतात असू शकते! आकडा चुकीचा आहे, हे स्क्रीनवर कुठेच दिसत नाही. बंद पडलेल्या सेन्सरपेक्षा खोटं बोलणारा सेन्सर जास्त घातक, हे कोड लिहिणाऱ्या कुणालाही पटेल.

उपाय काय? गरज नसेल तेव्हा आरसा झाकणारं शटर, आणि जागच्या जागी सफाई. आरशालाच रेडिओ लहरींच्या वारंवारतेचा वीजपुरवठा देऊन त्याच्यासमोर छोटा, सौम्य प्लाझ्मा पेटवतात. त्यातले आयन थर खरवडून काढतात. म्हणजे प्लाझ्माने केलेली घाण प्लाझ्मानेच साफ! पण जास्त घासलं तर आरसाही झिजतो. त्यामुळे कुठे थांबायचं, हे ठरवणं हाच यातला कळीचा भाग आहे.