विश्लेषण : पायाला न कळलेली जखम मोबाइल दाखवेल?

कात्रपहून बदलापूर स्थानकाकडे चालत निघालेल्या माणसाच्या चपलेत खडा गेला, तर तो दोन पावलांत थांबतो. कुष्ठरोगामुळे तळपाय बधिर झालेला माणूस मात्र थांबत नाही, कारण त्याला खडा टोचतच नाही. लोकल, अंबरनाथच्या कारखान्यातील पाळी आणि परतीचा प्रवास उरकून तो रात्री घरी येतो, तेव्हा मोजा रक्ताने चिकटलेला असतो. अशा जखमा वेळीच लक्षात याव्यात यासाठी मोबाइल फोन कसा उपयोगी पडू शकतो, आणि कुठे पुरा पडत नाही?

आजार बरा झाला, तरी काळजी कशासाठी?

कुष्ठरोग जंतूंमुळे होतो. बहुविध औषधोपचाराने, म्हणजेच ‘एमडीटी’ने, तो ६ किंवा १२ महिन्यांत पूर्ण बरा होतो. ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात. औषध जंतू मारते, पण निदानाला उशीर झाला तर मज्जातंतूंचे झालेले नुकसान बहुधा भरून येत नाही. हातापायांची बधिरता मग कायम राहते. चटका, काटा, फोड यांची जाणीव होत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोटे गमवावी लागतात. बोटे आजाराने ‘झडतात’ हा समज चुकीचा आहे. दुर्लक्षित जखमा आणि जंतुसंसर्ग हेच त्यामागचे मुख्य कारण असते.

देशात २००५ च्या अखेरीस कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा खाली आले. तरीही २०२२-२३ या वर्षात १ लाख ३ हजार ८१९ नवे रुग्ण नोंदले गेले.

रोज काय करायचे?

रोज रात्री हात-पाय नीट पाहायचे. बोटांच्या बेचक्या आणि टाचाही. साध्या पाण्यात सुमारे २० मिनिटे पाय बुडवून ठेवायचे. पाणी गरम नाही ना, हे घरातल्या दुसऱ्या कोणी तरी तपासावे. घट्टा ब्लेडने कापू नये, खरबरीत दगडाने हलके घासावा. कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावावे. बाहेर पडताना मऊ तळाची ‘एमसीआर’ चप्पल घालावी. ती सरकारी कार्यक्रमातून मिळते. पापणी नीट मिटत नसेल, तर डोळा रोज आरशात पाहावा. यातले काहीच अवघड नाही. रोज न चुकता करणे हे अवघड आहे.

मोबाइलची मदत कशी?

पहिली मदत गजराची. ठरलेल्या वेळी फोन आठवण करून देतो. दुसरी कॅमेऱ्याची. गुडघे आखडलेल्या माणसाला स्वतःचा तळपाय दिसत नाही. घरच्यांनी फोटो काढला की दिसतो. जखम असेल तर दर आठवड्याला त्याच अंतरावरून, त्याच उजेडात, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढावा. नाणे जखमेला लागू देऊ नये. जखम भरते आहे की पसरते आहे, हे कळते. तिसरी मदत संपर्काची. आशा सेविका किंवा डॉक्टरांना फोटो दाखवला, तर रोजंदारी बुडवून जायलाच हवे का, हे आधी ठरवता येते. लिहिता-वाचता येत नसेल तर आवाजी संदेश चालतो. साधा फोन असेल तर आठवड्याला एक कॉलही पुरेसा ठरू शकतो.

हे नवे आहे का?

साधन नवे आहे, दिशा जुनी आहे. वडाळ्यात १८९० मध्ये उभारलेले अॅक्वर्थ रुग्णालय बेघर कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान होते. पुढे १९७६ मध्ये सुरू झालेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने मुंबईच्या वस्त्यांमध्ये उपचार नेले. २०२३ पासून रुग्णांची सरकारी नोंद ‘निकुष्ठ २.०’ या ऑनलाइन प्रणालीत होते, पण ती यंत्रणेच्या कामासाठी आहे. रुग्णाच्या रोजच्या काळजीसाठी त्याच्या हातातला फोनच कामी येतो.

मर्यादा कोणत्या?

फोटोत बधिरता दिसत नाही. ती पेनाच्या टोकाने वा नायलॉनच्या धाग्याने स्पर्श करूनच तपासावी लागते. जखमेची खोली आणि वास फोन सांगत नाही. वाकड्या बोटांना, कोरड्या त्वचेला टचस्क्रीन दाद देत नाही. तिथे बोलून टायपिंग करणे सोयीचे. चार्जिंगला लावलेला फोन तापतो, तो बधिर हातात धरू नये. सर्वांत नाजूक बाब गोपनीयतेची. अनेक घरांत फोन एकच असतो. म्हणून संदेशात आजाराचे नाव नसावे, फोटोत चेहरा नसावा आणि तो परवानगीशिवाय कोणत्याही ग्रुपवर जाऊ नये.

कधी थांबायचे नाही?

चट्टे अचानक लाल होऊन सुजले, मज्जातंतू दुखू लागला, हात-पाय एकाएकी लुळा पडला, डोळा लाल झाला किंवा जखमेसह ताप आला, तर फोटो पाठवून उत्तराची वाट पाहू नये. त्याच दिवशी जवळचे सरकारी रुग्णालय गाठावे. बदलापूर-अंबरनाथकरांसाठी उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालयही आहे. मज्जातंतूंचा नवा त्रास सहा महिन्यांच्या आत उपचारात आला, तर गेलेली शक्ती परतण्याची शक्यता असते. फोनचा खरा उपयोग तोच : हे दिवस वाया जाऊ न देणे.