माउस नाही? तरीही आवरा डेस्कटॉप!

घरात लॅपटॉप एक आणि वापरणारे चौघे! मग डेस्कटॉपवर काय दिसतं? ताईचा प्रोजेक्ट, बाबांची विम्याची पावती, लग्नाचे फोटो आणि 'न्यू फोल्डर' नावाची चार-पाच फोल्डर्स. हा पसारा माउसशिवाय आवरता येतो का? अगदी सहज!

बेंगळुरूमध्ये कितीतरी दृष्टिहीन तरुण-तरुणी रोज हेच करतात. शांती राघवन यांच्या भावाची दृष्टी गेली. त्याला पुन्हा उभं करताना आलेल्या अनुभवातून त्यांनी आणि दीपेश सुतारिया यांनी १९९९ मध्ये इथे 'एनेबल इंडिया' ही संस्था सुरू केली. अपंग व्यक्तींना नोकरीसाठी तयार करणं हे तिचं काम. स्क्रीनवरचा बाणच दिसत नसेल, तर माउस काय कामाचा? म्हणून दृष्टिहीन व्यक्ती संगणक शिकतात तो कीबोर्डवर. 'एनव्हीडीए'सारखं मोफत स्क्रीन रीडर सॉफ्टवेअर प्रत्येक आयकॉनचं नाव वाचून दाखवतं.

तुमच्याकडे विंडोज असेल, तर हे करून पाहा:

१. डेस्कटॉपवर या: विंडोज + डी दाबा. बाणांच्या कीजने एकेका आयकॉनवर जा. नावाचं पहिलं अक्षर दाबलंत, तर थेट तिथे पोहोचाल.

२. फोल्डर करा: कंट्रोल + शिफ्ट + एन दाबा, नाव टाइप करा, एंटर.

३. फाइल्स हलवा: नुसत्या बाणाने पहिल्या हव्या फाइलवर जा, मग कंट्रोल धरून बाणाने पुढे सरका आणि पुढची हवी ती फाइल कंट्रोल + स्पेसने निवडा. सगळ्या निवडून झाल्या, की कंट्रोल + एक्स. फोल्डर एंटरने उघडा आणि कंट्रोल + व्ही दाबा. चुकलं? कंट्रोल + झेड!

४. रांगेत लावा: निवडलेला आयकॉन कंट्रोल + स्पेसने सोडा. शिफ्ट + एफ१० दाबल्यावर मेनू उघडेल. त्यात 'सॉर्ट बाय' आणि मग 'नेम' निवडा.

५. नाव बदला: आयकॉनवर जाऊन एफ२ दाबा.

काही लॅपटॉपवर एफ२ किंवा एफ१० सोबत एफएन की दाबावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

यातली पाचवी पायरी मात्र टाळू नका. डोळसांना 'न्यू फोल्डर ३' उघडून आत काय आहे ते चटकन पाहता येतं. जो कानांनी संगणक वापरतो, त्याला ते नाव काहीच सांगत नाही. 'आजीचे रिपोर्ट २०२४' असं नाव दिलंत, तर आजोबांची नजर अधू झाली, तरी ती फाइल त्यांना स्वतः शोधता येईल. कोणाला हाक मारावी लागणार नाही.

मग आज दहा मिनिटं काढा, माउस कपाटात ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सापडेल असा डेस्कटॉप लावा!