साहित्यातली आजी शोधत बसलेल्या कवयित्रीला इतक्या नाती कशा मिळाल्या?

आपण किती परींनी प्रेम करतो याची मोजदाद करणारं एक इंग्रजी सॉनेट व्हॅलेंटाइन डेच्या आसपास तुमच्या फीडमध्ये हमखास येऊन जातं. खाली नाव असतं एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग. नाव गुगल केलंत तर पुढची गोष्टही मिळते. आजारी, चाळिशीला आलेली कवयित्री, मुलांच्या लग्नाला सक्त विरोध असलेला बाप, सहा वर्षांनी लहान प्रियकर, तोही कवीच, मग चोरून लग्न आणि थेट इटली. अगदी पिक्चरची स्टोरी. आणि १९३४ साली हॉलिवूडमध्ये तसा पिक्चर निघालाही.

पण एमिली डिकिन्सनपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत ज्या बायका पुन्हा पुन्हा एलिझाबेथकडे वळल्या, त्या या लव्हस्टोरीसाठी नव्हे. त्यांना तिच्यात दुसरंच काहीतरी सापडलं होतं.

एलिझाबेथचा जन्म १८०६ चा. बारा भावंडांत सगळ्यांत मोठी. घरात पैसा अमाप, पण तो आला होता जमैकातल्या उसाच्या मळ्यांतून, म्हणजे गुलामांच्या घामातून. भावाला ग्रीक शिकवायला मास्तर यायचे, तेव्हा ही शेजारी बसून शिकली. पुढे भाऊ मोठ्या शाळेत गेला आणि ही घरीच राहिली, कारण मुलगी. पंधराव्या वर्षी आजारपण सुरू झालं आणि डॉक्टरांनी दिलेली अफू तिला जन्मभर चिकटली. १८४० मध्ये हाच लाडका भाऊ समुद्रात बुडून गेला. त्यानंतर लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरच्या एका खोलीत तिनं स्वतःला जवळजवळ कोंडूनच घेतलं.

या खोलीला एकच खिडकी होती म्हणा ना, पत्रांची. मेरी रसेल मिटफर्ड ही तिच्याहून बरीच मोठी, खेड्यातल्या जगण्यावर लिहून नाव कमावलेली लेखिका. दोघींची पत्रं अखंड चालायची. भाऊ गेल्यावर एलिझाबेथला सोबत म्हणून एक कुत्रा पाठवला, तोही मेरीनंच. त्याचं नाव फ्लश. हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे भाव खाऊन जाणार आहे.

१८४४ मध्ये तिचे दोन खंड आले आणि ती एकदम प्रसिद्ध झाली. त्यात फ्रेंच कादंबरीकार जॉर्ज सँडवर दोन सॉनेट्स होती. पुरुषी नाव घेऊन लिहिणारी, पँट घालणारी, सिगार ओढणारी बाई म्हणून सँड तेव्हा बदनाम होती. सभ्य इंग्रज घरात तिचं पुस्तक उघड्यावर ठेवत नसत. एलिझाबेथनं तिच्यावर जाहीर कविता केल्या, आणि पुढे १८५२ मध्ये पॅरिसला जाऊन तिची भेटही घेतली.

हेच खंड वाचून जानेवारी १८४५ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगनं तिला पहिलं पत्र लिहिलं. ते पत्र जगाला माहीत आहे. त्याच महिन्यात तिनं स्वतः एका समीक्षकाला लिहिलेलं पत्र मात्र फार कुणी वाचत नाही. त्यात तिनं लिहिलं होतं की इंग्लंडमध्ये विद्वान बायका बऱ्याच झाल्या, पण कवयित्री कुठे आहेत? आपण सगळीकडे आज्या शोधतो आणि एकही दिसत नाही.

आता हे तितकंसं खरं नव्हतं. फेलिशिया हेमन्स होती. नवरा दूर निघून गेल्यावर पाच मुलं लेखणीच्या जोरावर वाढवणारी. लेटिशिया लँडन होती, एल. ई. एल. या आद्याक्षरांनी लिहायची आणि घरचं भागवायची. दोघींचं नाव घरोघरी होतं, आणि दोघी गेल्यावर एलिझाबेथनं त्यांच्यावर कविताही लिहिल्या होत्या. मग आजी म्हणून त्या का चालल्या नाहीत? कारण त्या काळी कवयित्री म्हटलं की फुलं, अश्रू, घर आणि विरह एवढंच अंगण ठरलेलं होतं. एलिझाबेथला हवं होतं होमरचं मैदान. मला विचाराल तर तिनं या दोघींवर थोडा अन्यायच केला. त्यांनी कवितेवर घर चालवून दाखवलं नसतं, तर १८४४ मध्ये बाईच्या दोन खंडांना प्रकाशक कशाला उभा राहिला असता?

असो. सप्टेंबर १८४६ मध्ये तिनं गुपचूप लग्न केलं, काही घडलंच नाही अशा थाटात घरी परतली आणि आठवड्याभरानं मोलकरीण आणि फ्लशला घेऊन निघून गेली. बापानं पुन्हा तोंड पाहिलं नाही. तिची पत्रंसुद्धा न उघडता परत केली.

इटलीत ती फ्लॉरेन्सला राहिली, मुलगा झाला आणि तिची लेखणी मोकळी सुटली. त्या प्रसिद्ध ४४ प्रेम-सॉनेट्सचं पुस्तक १८५० चं. ती भाषांतरं वाटावीत म्हणून नावात पोर्तुगीज हा शब्द टाकला, इतका संकोच होता! पण त्यातली खरी करामत वेगळी आहे. शतकानुशतकं सॉनेटमध्ये बोलायचा पुरुष आणि गप्प राहून सुंदर दिसायची बाई. इथे बाई बोलते, शंका घेते, नाही म्हणते, मग हो म्हणते. त्याच वर्षी राजकवी वर्डस्वर्थ वारला. ‘अथेनियम’ या वजनदार साप्ताहिकानं त्या जागी एलिझाबेथचं नाव सुचवलं. मान टेनिसनला मिळाला, हे सांगायला नकोच.

त्याआधीच तिनं कोळशाच्या खाणींत आणि गिरण्यांत राबणाऱ्या पोरांवर कविता लिहिली होती. अमेरिकेतल्या गुलामीविरोधी वार्षिकासाठी एका पळालेल्या गुलाम बाईची कविता लिहिली होती. मालकांच्या बलात्कारातून झालेलं बाळ ही बाई स्वतःच्या हातानं संपवते. जमैकाच्या पैशावर वाढलेल्या मुलीनं हे लिहावं, यातलं ओझं ओळखा.

आणि मग आली ‘ऑरोरा ली’. नऊ भाग, सुमारे ११ हजार ओळी, सगळी कादंबरी पद्यात. छापलेलं साल १८५७, पण पुस्तक बाजारात आलं १८५६ च्या अखेरीलाच.

ऑरोरा अनाथ, अर्धी इटालियन. विसाव्या वाढदिवशी बागेत एकटीच स्वतःच्या डोक्यावर कवीचा मुकुट म्हणून वेल गुंडाळत असते, तेवढ्यात चुलतभाऊ रोमनी येतो. (इंग्लंडात चुलत भावंडांची लग्नं होत.) तो तिला लग्नाची मागणी घालतो. वर समजावतो की बायकांच्यानं मोठी कविता होत नाही, त्यापेक्षा माझ्या समाजकार्यात हातभार लाव. ती नकार देते, लंडनला खोली घेते आणि लिहून पोट भरते. पोटासाठी मासिकांची कामं आणि रात्री स्वतःची कविता. लिहिणाऱ्या बाईचं रोजचं कामकाज महाकाव्याच्या ऐसपैस रूपात मांडणं, हे इंग्रजीत नवं होतं. दुसरीकडे मेरियन या गरीब शिवणकाम करणाऱ्या पोरीवर बलात्कार होतो, मूल होतं, आणि कवयित्री तिला दोष न देता बाळासकट आपल्या घरी नेते. शेवटी रोमनी आंधळा होऊन परत येतो आणि दोघांचं जमतं. ‘जेन एअर’ आठवलं ना? तेव्हाच्या वाचकांनाही आठवलं. मला तो शेवट जरा सोयीचाच वाटतो.

पुस्तकाची दुसरी आवृत्ती लगेच निघाली. आया मुलींना हे वाचू देत नाहीत, असं एलिझाबेथनंच पत्रात गमतीनं कळवलं होतं. अर्थात मुलींनी वाचलंच.

कुणी कुणी वाचलं? एका समीक्षक बाईनं १८५७ च्या जानेवारीत ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’मध्ये निनावी परीक्षण लिहून तारीफ केली. पुरुषाची म्हणतात ती ताकद या पुस्तकात आहे आणि त्यासाठी लेखिकेनं आपलं बाईपण बाजूला ठेवलेलं नाही, असा तिचा मुद्दा. महिन्याभरात याच बाईनं कथा लिहिण्यासाठी स्वतः पुरुषाचं नाव घेतलं, जॉर्ज एलियट!

अमेरिकेत अॅमहर्स्टला घराबाहेर फारशी न पडणाऱ्या एमिली डिकिन्सनच्या खोलीत एलिझाबेथची तसबीर होती. १८६१ मध्ये एलिझाबेथ फ्लॉरेन्सला गेली. त्यानंतर एमिलीचा एक संपादक मित्र युरोपला गेला. त्या थडग्यापाशी गेलात तर माझ्या वतीनं त्यावर एक हात ठेवा, असं तिनं त्याला लिहून कळवलं. दोघी कधी भेटल्या नव्हत्या. एलिझाबेथला ही मुलगी जगात आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. लहानपणी तिला पहिल्यांदा वाचून आपण कसे मंतरले गेलो, यावर एमिलीनं कविता लिहिलीय. मात्र लिहिताना तिची नक्कल अजिबात केली नाही. एकीच्या ११ हजार ओळी, तर दुसरी बाराएक ओळींत काम संपवणारी.

स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या सुझन बी. अँथनीनं ‘ऑरोरा ली’ वर्षानुवर्षं प्रवासाच्या पिशवीत बाळगली. १९०२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, तिनं ती प्रत अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ला दिली. बायका उत्तरोत्तर ऑरोरासारख्या होवोत, असं आत स्वतःच्या हातानं लिहून दिली.

नातींचं आजीशी भांडणही असतंच. क्रिस्टिना रोझेटीनं १८८१ मध्ये १४ सॉनेट्सची माळ छापली. प्रस्तावनेत तिनं सुचवलं की त्या थोर कवयित्रीचं प्रेम सफल झालं नसतं, तर तिच्याकडून आणखी वेगळंच काही मिळालं असतं. आदर पुरेपूर, पण चिमटाही बरोबर बसला.

मग हे सगळं विसरलं कसं गेलं? कवी एडवर्ड फिट्झजेराल्डनं खासगी पत्रात लिहिलं होतं की मिसेस ब्राउनिंग गेल्या हे बरं झालं, आता आणखी ‘ऑरोरा ली’ नकोत. १८८९ मध्ये ते पत्र छापून आलं आणि म्हाताऱ्या रॉबर्टनं संतापून त्याला कवितेतच झोडपलं. पण फिट्झजेराल्डचंच मत हळूहळू सगळ्यांचं झालं. कविता मागे पडली आणि चोरून केलेलं लग्न तेवढं उरलं. १९३० मध्ये त्यावर नाटक आलं आणि मग तो पिक्चर.

व्हर्जिनिया वुल्फला हे खटकलं. ‘ऑरोरा ली’वर तिनं १९३१ मध्ये एक लेख लिहिला. ब्राउनिंग जोडपं माहीत आहे, पण त्यांच्या कविता कुणी वाचत नाही, अशी तिची तक्रार. आणि १९३३ मध्ये तिनंच काय लिहावं? ‘फ्लश’. एलिझाबेथच्या कुत्र्याचं चरित्र! ते धडाक्यात खपलं. पुस्तक गोड आहे, पण कवयित्री पुन्हा एकदा आपल्याच आयुष्यात साइड रोलमध्ये गेली.

‘ऑरोरा ली’ खऱ्या अर्थानं परत आली ती १९७८ मध्ये. स्त्रियांनीच चालवलेल्या ‘विमेन्स प्रेस’नं लंडनमध्ये ती पुन्हा काढली, कोरा कप्लानच्या प्रस्तावनेसह. त्यानंतर ती कॉलेजात शिकवली जाऊ लागली.

कॉपीराइट कधीच संपलाय, त्यामुळे नेटवर फुकट मिळते. पहिला भाग जरा संथ आहे. थेट दुसऱ्यापासून सुरू करा, बागेत वाढदिवस चालू असतो तिथून.