एका कार्डाची गोष्ट

फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू तुमच्या डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत मात्र फुटबॉल हा वेगळाच खेळ आहे. त्यातला चेंडू लंबगोल असतो आणि खेळाडू तो हातात घेऊन धावतात. तेथे महाविद्यालयांचे सामने पाहायलासुद्धा हजारो लोक जमतात.

या खेळाडूंची छोटी कार्डे च्युइंगमच्या पाकिटात मिळत. एका बाजूला खेळाडूचे रंगीत चित्र आणि मागे त्याची माहिती असे. मुले ती हौसेने जमवत. १९६२ साली टॉप्स या कंपनीने काळ्या कडांच्या १७६ कार्डांचा संच काढला. त्यातील ३६ क्रमांकाचे कार्ड क्लीव्हलँड ब्राउन्स संघाच्या अर्नी डेव्हिसचे आहे. आश्चर्य म्हणजे, या संघाकडून तो एकही सामना खेळला नाही! मग हे कार्ड लोक आजही का जपतात?

त्यासाठी त्या वेळची अमेरिका पाहायला हवी. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. सरकारी शाळांतील हा भेद घटनेविरुद्ध आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली दिला. पण निकालाने मने लगेच बदलली नाहीत. दक्षिणेतील अनेक विद्यापीठे आपल्या संघात कृष्णवर्णीय खेळाडू घेतच नसत.

डेव्हिस हा कृष्णवर्णीय तरुण उत्तरेकडील सिरॅक्यूज विद्यापीठात शिकत होता. १ जानेवारी १९६० रोजी डॅलस शहरात त्याच्या संघाने टेक्सास विद्यापीठाला २३-१४ असे हरवले. टेक्सासच्या संघात सर्व खेळाडू गोरे होते. डेव्हिस उत्कृष्ट खेळाडू ठरला. पण बक्षीस घेतल्यावर समारंभातून निघून जावे, असे त्याला सांगण्यात आले. मैदानावर मान आणि सभागृहात अपमान!

डेव्हिस खेळत राहिला. १९६१ साली देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा हाइझमन पुरस्कार त्याला मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होता. व्यावसायिक संघांपैकी वॉशिंग्टनचा संघ तोपर्यंत फक्त गोरे खेळाडू घेत असे. सरकारने दबाव आणल्यावर त्या संघाने प्रथम डेव्हिसचीच निवड केली. मग बॉबी मिचेल या दुसऱ्या कृष्णवर्णीय खेळाडूच्या बदल्यात त्याला क्लीव्हलँडला दिले.

१९६२ च्या उन्हाळ्यात डेव्हिसला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळले. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी तो वारला. क्लीव्हलँडने त्याचा ४५ क्रमांक पुन्हा कोणालाही दिला नाही. पुढे १९७० साली टेक्सास विद्यापीठाच्या मुख्य संघातही जूलियस व्हिटियर हा कृष्णवर्णीय विद्यार्थी खेळला.

मित्रांनो, जुना फोटो किंवा जुने कार्ड हाती आले, तर त्यात कोण आहे ते जरूर पाहा. त्याचबरोबर त्यात कोणाला जागा मिळाली नव्हती, हेही विचारा. इतिहास तेथेही सापडतो.