गिअर जास्त म्हणजे बॉक्स मजबूत?
जुन्या जीपला दमदार डिझेल इंजिन बसवणारे हौशी लोक पाच गिअरचा बॉक्सच टिकाऊ समजतात. पण गिअरची संख्या वेगासाठी आणि मायलेजसाठी. टिकाऊपणा ठरतो टॉर्कवर (फिरवणारा जोर). जाम झालेला नट लांब पान्याने सुटतो, तोच हा जोर. बॉक्स तो किती पेलतो, हे आधी पाहावं. विलिस सीजे-3बी या जुन्या जीपच्या मूळ टी-90 बॉक्सला तीनच गिअर. त्यातल्या पहिल्याला सिंक्रोमेश (गती जुळवणारी रचना) नाही. चालत्या गाडीत टाकला की दात करकरतात, झिजतात. मूळ पेट्रोल इंजिनाला मात्र हा बॉक्स पुरतो. जुना बॉक्स घेताना तेल काढून बघा: थोडा पितळी चुरा चालेल, पोलादाचे तुकडे नकोत. आणि इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी घ्या. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52.