शुवैखमध्ये नोकरी गेली, तर?

शुवैख इंडस्ट्रियल म्हणजे कुवेतमधल्या गॅरेजांचं आणि स्पेअर पार्टच्या दुकानांचं माहेरघर. पलीकडे बंदर, अलीकडे गोदामं. मी इथल्याच एका गोदामात हिशेब बघतो. आमच्या बिऱ्हाडातल्या खेडच्या एका सहकाऱ्याला आठ वर्षांच्या नोकरीनंतर सुपरवायझरनं सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." त्यानं थकलेला ओव्हरटाइम मागितला होता, एवढंच. रात्री त्याच्या बायकोचा फोन आला, "भावोजी, ह्यांना परत कामावर घेतील ना?"

तिचा प्रश्न साहजिक होता. आपल्याकडे बेकायदा काढलेल्या माणसाला कोर्ट पुन्हा कामावर घ्यायला लावू शकतं. औरंगाबादच्या एका शिक्षिकेचा खटला प्रसिद्ध आहे : दीपाली गुंडू सुर्वसे विरुद्ध क्रांती ज्युनियर अध्यापक महाविद्यालय. २००७ साली संस्थेनं त्यांना काढलं. २००९मध्ये शाळा न्यायाधिकरणानं पूर्ण पगारासह परत घ्या म्हटलं. हायकोर्टानं मागचा पगार नाकारला, पण १२ ऑगस्ट २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानं तो पुन्हा मंजूर केला. काढणं बेकायदा ठरलं, तर नोकरी आणि बुडालेला पगार परत मिळणं हाच सर्वसाधारण नियम, असं त्या निकालानं सांगितलं.

कुवेतचं गणित वेगळं. इथल्या खासगी नोकऱ्यांना २०१०चा कायदा क्रमांक ६ लागू आहे. कलम ४६ म्हणतं, कारण नसताना किंवा कामगारानं हक्क मागितला म्हणून त्याला काढता येत नाही. पण मालकानं अन्याय केल्याचं सिद्ध झालं, तरी कायदा बोलतो तो ग्रॅच्युइटी आणि भरपाईबद्दल. इथे आपला इकामाही मालकाच्याच नावाशी बांधलेला. त्यामुळे भांडून त्याच खुर्चीत परत बसायची आशा धरू नये. भांडायचं ते पैशासाठी.

आणि पैसा थोडाथोडका नसतो. मासिक पगारी माणसाला तीन महिन्यांची नोटीस, नाहीतर तेवढा पगार. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी १५ दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला एक महिन्याचा. २०० दिनार पगार आणि आठ वर्षं नोकरी धरा. महिन्याचे २६ दिवस मोजले, तर साधारण १,१७७ दिनार होतात. नोटिशीचे ६०० वेगळे.

खरी मेख पुढे आहे. आमच्या मित्रापुढे अरबीत टाइप केलेला कागद ठेवला होता. "सही कर, हिशेब लगेच देतो." तो राजीनामा होता. पाच ते दहा वर्षं झालेल्यानं स्वतःहून राजीनामा दिला, तर ग्रॅच्युइटी दोन तृतीयांशच मिळते, म्हणजे सुमारे ७८५ दिनार. नोटिशीच्या पैशावरही पाणी. एका सहीत जवळजवळ हजार दिनार गेले असते! त्यानं सही केली नाही.

दुसऱ्या दिवशी करारनामा, बँकेचं पगाराचं स्टेटमेंट, सिव्हिल आयडी घेऊन आम्ही 'शून'मध्ये, म्हणजे कामगार खात्यात, तक्रार दिली. खातं आधी दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायला बघतं. महिनाभरात जमलं नाही, तर प्रकरण कोर्टात जातं. कामगाराला त्याची कोर्ट फी नाही. आमचं खात्यातच मिटलं : नोटिशीचे पैसे आणि पूर्ण ग्रॅच्युइटी. नोकरी मात्र परत मिळाली नाही. वहिनींना तसं स्पष्टच सांगितलं.

इथल्या मंडळींनी आणि घरच्यांनीही तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. न वाचता येणाऱ्या कागदावर सही नको. नोकरी संपल्यापासून एका वर्षात दावा करायलाच हवा, नंतर तो ऐकला जात नाही. आणि तोंडी "येऊ नको" म्हटलं म्हणून मुकाट खोलीवर बसू नका; सलग सात दिवस विनाकारण गैरहजर दिसलात, तर मालकाच्या हाती आयतं कारण मिळतं. घरकाम करणाऱ्यांना हा कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी २०१५चा वेगळा कायदा आहे.

गावाहून फोन आला, की "परत घेतील का?" याआधी विचारा, "सही तर केली नाहीस ना?"